जमशेटजी नसरवानजी टाटा : चांद्याच्या लोखंडाचा शोध घेणारा कारखानदार

आपल्या चांदा जिल्ह्याच्या, व त्यातून सन १९८२ मध्ये वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याच्या, डोंगरांत लोखंड आहे, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. आपल्या पणजोबांच्या काळी ह्या रानांतील लोहार मातीच्या लहान भट्ट्यांत कोळसा घालून, भात्याने वारा देऊन, ह्याच दगडांतून कुऱ्हाडी व नांगराचे फाळ काढीत असत. पुढे विलायती लोखंड स्वस्त मिळू लागले, जंगलाचे कायदे आले, व त्या भट्ट्या एकामागून एक विझून गेल्या. परमेश्वराने इस्राएल लोकांस जो देश देऊ केला, त्याच्या वर्णनात तेथील दगडांत लोखंड असल्याचा उल्लेख शास्त्रात आहे. तेव्हा भूमीच्या पोटातील धन हेही त्याचेच दान होय. हे दान कोणाच्या हाती जाते, आणि त्यातून गरिबाच्या घरी काय येते, हा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीस नव्याने सोडवावा लागतो. म्हणून ज्या मनुष्याने सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी आपल्या ह्या लोखंडाचा ध्यास घेतला, त्याचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

टाटा हे नाव खेड्यापाड्यांतही अपरिचित नाही. कोणी ते मिठाच्या पुड्यावर वाचतो, कोणी मालमोटारीवर. आणि ज्याच्या घरी कर्करोगाचे दुखणे आले तो मुंबईच्या टाटा रुग्णालयाची वाट विचारतो. परंतु ह्या घराण्याच्या मूळ पुरुषाची पोलादाच्या कारखान्याची योजना प्रथम चांद्याच्या लोखंडावरून आकारास आली, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असेल. जमशेटजी ख्रिस्ती नव्हते. ते जरथुष्ट्राच्या धर्माचे पारशी होते. तथापि आपल्या प्रभूने शेजारधर्म शिकविताना एका शोमरोनी मनुष्याचा दाखला दिला, हे आपण विसरू नये. चांगले जेथे दिसेल तेथून ते शिकावे, व उणे दिसेल तेही सरळपणे सांगावे, ह्या रीतीने आम्ही हे चरित्र लिहीत आहो.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजराथेत नवसारी येथे झाला. नवसारी हे गाव त्या वेळी बडोदे संस्थानात होते. त्यांचे घराणे पारशी उपाध्यायांचे होते. पिढ्यान्‌पिढ्या अग्निमंदिराची सेवा करावी, हा त्या घराचा क्रम त्यांचे वडील नसरवानजी ह्यांनी मोडला व मुंबईस जाऊन व्यापार सुरू केला. जमशेटजी लहान वयातच वडिलांजवळ मुंबईस आले व एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून सन १८५८ मध्ये तेथील अभ्यास पुरा करून बाहेर पडले. वाचनाची आवड त्यांस तेथे लागली ती आमरण सुटली नाही.

पुढच्याच वर्षी वडिलांनी त्यांस हाँगकाँगास पाठविले. त्या काळी मुंबईच्या अनेक पेढ्यांप्रमाणे ह्या पेढीचा चीन देशाशी कापसाचा व अफूचा व्यापार होता. अफूने किती घरांची राख झाली हे आपण जाणतो. ही गोष्ट झाकून थोरांचे चरित्र लिहिणे आम्हांस उचित वाटत नाही. एवढे मात्र म्हणता येईल की, पुढे जमशेटजींनी आपले नाव ज्या कामांशी जोडले, ती कामे लोकांस वस्त्र, काम व विद्या देणारी होती.

सन १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या कापसास सोन्याचे मोल आले. लोक शेअरांच्या मागे वेडे झाले. सन १८६५ मध्ये युद्ध संपले, तेव्हा तो सारा फुगा एकदम बसला. त्या वेळी जमशेटजी इंग्लंडात होते. पेढीच्या हुंड्यांस किंमत उरली नाही. देणेकऱ्याने तोंड चुकवून पळावे असा तो प्रसंग होता; परंतु तरुण जमशेटजी स्वतः सावकारांपुढे गेले व खरी स्थिती त्यांनी मोकळेपणे मांडली. त्यांच्या सरळपणावर विश्वास बसून सावकारांनी त्यांसच हिशेबाचा निकाल लावण्याच्या कामी घेतले. मुंबईस वडिलांनी राहते घर विकले, पण देणे बुडविले नाही. पुढे हबसाणाच्या स्वारीतील इंग्रजी सैन्यास सामान पुरविण्याच्या मक्त्यात भाग मिळून घराणे पुन्हा सावरले, आणि सन १८६८ मध्ये एकवीस हजार रुपयांच्या भांडवलावर जमशेटजींनी आपली स्वतंत्र पेढी काढली. आजचा सर्व विस्तार त्या लहान बीजापासून झालेला आहे.

सन १८६९ मध्ये त्यांनी मुंबईस चिंचपोकळी येथील बुडालेली तेलाची गिरणी विकत घेऊन तिची कापडाची गिरणी केली व दोन वर्षांनी ती नफ्याने विकली. नंतर इंग्लंडात लँकेशायर परगण्यात जाऊन त्यांनी सूत व कापड काढण्याचा धंदा बारकाईने पाहिला. परत आल्यावर त्यांनी विचार केला की, गिरणी मुंबईसच का असावी? जेथे कापूस पिकतो, जेथे कोळसा जवळ आहे व माल नेण्यास आगगाडी आहे, तेथे ती का नसावी? ह्या विचाराने त्यांनी नागपूर निवडले. नागपुरास रेल्वे आली होती, वऱ्हाडचा व वर्ध्याचा कापूस दारात होता, आणि आपल्या वरोऱ्यास सरकारी कोळशाची खाण नुकतीच सुरू झाली होती.

सन १८७४ मध्ये पंधरा लाख रुपयांच्या भांडवलाची कंपनी स्थापन झाली. नागपुरास जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा स्वस्तात मिळाली व ती भरून काढण्याचे काम सुरू झाले. तेथील एका सावकाराकडे पैशाची मागणी केली असता, सोने मातीच्या खड्ड्यात घालणाऱ्यास आपण पैसे देणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. पुढे गिरणीची भरभराट पाहून, ह्या मनुष्याने माती घालून सोने काढले, असे त्यानेच कबूल केले, अशी गोष्ट प्रसिद्ध आहे. १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली. म्हणून तिचे नाव एम्प्रेस गिरणी पडले. आरंभी तीत सुमारे तीस हजार चात्या व ४५० माग होते.

पहिली वर्षे कठीण गेली. यंत्रे हलक्या प्रतीची निघाली व शेअरांचा भाव उतरला. जमशेटजींनी स्वस्त यंत्रे टाकून चांगली आणिली. जुन्या चात्यांहून पुष्कळ वेगाने फिरणारी नवी रिंग चाती निघाली, तेव्हा इंग्लंडातील पुष्कळ गिरणीवाले तिच्याकडे संशयाने पाहत होते. जमशेटजींनी ती नागपुरास आणून चालवून दाखविली. कारभार पाहण्यास त्यांनी बेझनजी मेहता ह्यांस नेमिले. हे गृहस्थ रेल्वेच्या मालखात्यातील. त्यांस गिरणीचा अनुभव नव्हता. परंतु मनुष्य पारखण्याची हातोटी जमशेटजींस होती, व बेझनजींनी ती निवड खरी करून दाखविली.

आता ज्या गोष्टीसाठी हे चरित्र आमच्या मंडळ्यांस विशेष मोलाचे वाटते तिच्याकडे वळू. गिरणीत दररोज पुष्कळ मजूर गैरहजर राहत. दुसऱ्या मालकाने दंड बसविला असता. जमशेटजींनी विचारले की, मजुरास कामावर यावेसे का वाटत नाही? त्यांनी हजेरीबद्दल व चांगल्या कामाबद्दल बक्षिसे सुरू केली. आत कोंदट उष्णता होती, म्हणून हवा खेळण्याची व गारवा राखण्याची साधने बसविली; आगीपासून रक्षणासाठी पाण्याचे फवारे बसविले. सन १८८६ मध्ये त्यांनी मजुरांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी काढला, व सन १८९५ पासून कामावर अपघात झालेल्या मजुरास भरपाई देण्यास सुरुवात केली. अपघाताच्या भरपाईचा कायदा ह्या देशात सन १९२३ मध्ये झाला. म्हणजे कायद्याने हात धरण्यापूर्वी अठ्ठावीस वर्षे ह्या मालकाने ते आपले कर्तव्य मानिले होते. मजुराची अडवून ठेविलेली मजुरी देवापुढे ओरडते, असे आपणांस याकोबाच्या पत्रातून शिकविले जाते. तो उपदेश ज्यांनी देवळात ऐकला अशा किती मालकांनी इतके केले?

परंतु नागपुरची गिरणी म्हणजे त्यांच्या आयुष्याचा शेवट नव्हता. सन १८८२ मध्ये त्यांच्या हाती एक सरकारी अहवाल पडला. श्वार्ट्झ नावाच्या परदेशी तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यात लोखंडाचा धंदा चालेल की नाही ह्याविषयी तो लिहिला होता. लोहारा येथे उत्तम प्रतीचे लोखंड आहे व वरोऱ्याचा कोळसा फार दूर नाही, असे त्यात होते. आपल्या सिंदेवाहीकडील हाच तो लोहारा. जमशेटजींच्या मनात आले की, हिंदुस्थानाने कापडाप्रमाणे पोलादही स्वतः का करू नये? त्यांनी वरोऱ्याच्या कोळशाची परीक्षा करविली. तो कोळसा लोखंड वितळविण्याच्या कामी उपयोगी नाही, असे निघाले. शिवाय खनिज शोधण्याचे सरकारी नियम असे जाचक होते की, खर्च करणाऱ्यास भरवसा नव्हता. दार बंद झाले. जमशेटजींनी विषय बाजूस ठेविला, पण सोडिला नाही. लोखंडाविषयी जे जे छापून येई ते ते वाचून जवळ ठेवण्याचा क्रम त्यांनी चालू ठेविला, आणि असा सतरा वर्षे ठेविला!

ह्या सतरा वर्षांत इतर संकटे थोडी नव्हती. सन १८८६ मध्ये कुर्ल्याची एक बुडीत गिरणी त्यांनी साडेबारा लाखांस घेतली व तिचे नाव स्वदेशी ठेविले. यंत्रे जुनी, माल वाईट. प्रतिष्ठा पणास लागली. बँकेने कर्ज नाकारिले, तेव्हा नागपुरच्या गिरणीचे आपले शेअर विकून त्यांनी ती सावरली. आगबोटींच्या भाड्याविरुद्ध जपानी कंपनीच्या साहाय्याने त्यांनी स्वतःच्या आगबोटी चालवून पाहिल्या, त्यात मात्र अपयश आले. सन १८९२ मध्ये हुशार विद्यार्थ्यांस परदेशी शिकण्यास कर्जाऊ मदत देणारा निधी त्यांनी स्थापिला. सन १८९८ मध्ये उच्च शास्त्रीय शिक्षणाच्या संस्थेसाठी आपल्या मालमत्तेचा सुमारे अर्धा भाग, तीस लाख रुपये किमतीचा, देण्याचे त्यांनी जाहीर केले. ती संस्था त्यांच्या मरणानंतर, सन १९०९ मध्ये, बंगळुरास स्थापन झाली.

सन १८९९ मध्ये लॉर्ड कर्झन ह्यांच्या अमदानीत खनिजांचे नियम सैल झाले. जमशेटजी त्या वेळी साठ वर्षांचे होते. ज्या वयात आपल्याकडे मनुष्य ओसरीवर बसून नातवंडे खेळवितो, त्या वयात ते विलायतेस गेले, व सन १९०२ मध्ये अमेरिकेत जाऊन तेथील लोखंडाचे कारखाने व खाणी त्यांनी पाहिल्या. न्यूयॉर्क येथे पेरिन नावाच्या नामांकित इंजिनियराची भेट घेऊन त्यांनी त्यांस ह्या कामास राजी केले. पेरिन ह्यांनी वेल्ड नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञास आधी पाठविले. त्याच वर्षी जमशेटजींनी वडील पुत्र दोराबजी ह्यांस पत्र लिहिले. कारखान्याची जागाही अद्याप ठरली नव्हती, परंतु मजुरांचे गाव कसे असावे ह्याचा विचार त्या पत्रात होता. रस्ते रुंद असावे, लवकर वाढणारी सावलीची झाडे लावावी, खेळांस मैदाने ठेवावी, आणि हिंदूंच्या देवळांस, मुसलमानांच्या मशिदींस व ख्रिस्ती लोकांच्या मंदिरांसही जागा राखून ठेवावी, असे त्यांनी कळविले होते.

वेल्ड, दोराबजी व जमशेटजींचे भाचे शापुरजी सकलातवाला हे प्रथम आले ते आपल्याच जिल्ह्यात. बैलगाड्यांतून, उन्हातान्हात, पाण्याचे दुर्भिक्ष सोशीत, वाघांच्या रानातून त्यांनी लोहाऱ्याकडील डोंगर तपासले. लोखंड चांगले, पण मोठ्या कारखान्यास पुरेल इतके नाही, आणि योग्य कोळसाही नाही, असा निकाल वेल्ड ह्यांनी दिला. वीस वर्षे उराशी धरिलेली चांद्याची आशा येथे संपली. वरोऱ्याची खाणही सन १९०६ मध्ये बंद पडली.

हा निकाल सरकारास कळविण्यास दोराबजी नागपुरास गेले. अधिकारी गाठ पडेपर्यंत वेळ काढावयाचा म्हणून ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तेथे मध्यप्रांताचा भूगर्भीय नकाशा टांगलेला होता, व त्यावर दुर्ग जिल्ह्यात लोखंडाची खूण त्यांच्या दृष्टीस पडली. नागपुरापासून सुमारे १४० मैलांवरील त्या धल्ली व राजहरा डोंगरांवर ते व वेल्ड चढले, तेव्हा पायांखाली लोखंडच लोखंड होते. नागपुरात दगडांचा अभ्यास करण्याचा पायंडा पाडणारांत स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे अग्रगण्य होत. सन १८६३ मध्ये ते पुराच्या पाण्यात बुडून मरण पावले, व त्याच साली नागपुरचे संग्रहालय निघाले. देवाचा सेवक सृष्टीचाही अभ्यास करू शकतो, हे त्यांच्या उदाहरणावरून आपल्या शिक्षकांनी ध्यानात घ्यावे.

दुर्गाचे लोखंड उत्तम असले तरी कोळसा व पाणी ह्यांची सोय तेथे जुळेना. इतक्यात फेब्रुवारी १९०४ मध्ये प्रमथनाथ बोस ह्या बंगाली भूगर्भशास्त्रज्ञांचे पत्र आले. मयूरभंज संस्थानात लोखंडाचे मोठे साठे आहेत व बंगालचा कोळसा तेथून जवळ आहे, असे त्यांनी कळविले. तेथेच अखेर यश यावयाचे होते. परंतु जमशेटजींस ते पाहावयाचे नव्हते. त्यांची प्रकृती ढासळली होती. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत नौहाइम येथे त्यांनी देह ठेविला. जवळच्या आप्तांस त्यांनी शेवटी हेच सांगितले की, आरंभिलेली कामे वाढवा. वाढविता न आली तरी निदान मागे पडू देऊ नका.

दोराबजींनी पित्याचे काम पुढे नेले. २६ ऑगस्ट १९०७ रोजी पोलादाची कंपनी नोंदली गेली. लंडनच्या सावकारांनी हात आखडता घेतला, तेव्हा हिंदी लोकांनीच तीन आठवड्यांत दोन कोटींहून अधिक रुपये उभे केले. साकची नावाच्या गावी कारखाना उभा राहिला, व फेब्रुवारी १९१२ मध्ये पहिले पोलाद निघाले. त्याच साली तेथे आठ तासांचा दिवस सुरू झाला. सन १९१९ मध्ये साकचीस जमशेदपूर हे नाव मिळाले. दावीद राजाने मंदिराची सामग्री जमविली व ते बांधिले शलमोनाने; येथेही तसेच झाले. आणि जे राजहऱ्याचे लोखंड तेव्हा तसेच राहिले, तेच पुढे सन १९५९ पासून भिलईच्या सरकारी कारखान्यास मिळू लागले.

येथे उजेडाबरोबर सावलीही सांगितली पाहिजे. साकचीच्या भोवती संथाळ व हो लोकांची गावे होती. त्यांच्या जमिनी कारखान्यासाठी गेल्या, व पुष्कळ जण आपल्याच भूमीवर रोजंदारीचे मजूर झाले. रुंद रस्त्यांचे शहर झाले, पण त्या शहरात आदिवासी बांधवाचा वाटा त्याच्या त्यागाच्या मानाने थोडा होता. सन १९२० व १९२८ मध्ये मजुरांनी मोठे संप केले. मजुरांच्या संघाचे अध्यक्षपद काही काळ दीनबंधु अँड्रूज ह्या प्रभूच्या सेवकाने पत्करिले होते. ह्यावरून हे दिसते की, संस्थापकाचा सद्‌हेतू पुढच्या पिढ्यांत आपोआप टिकत नाही. मजुरांनी संघटित होऊन व सज्जनांनी त्यांची बाजू घेऊन तो जागा ठेवावा लागतो.

ह्या घराण्याच्या धनाचे पुढे काय झाले, तेही ऐकण्यासारखे आहे. धाकटे पुत्र रतनजी सन १९१८ मध्ये व दोराबजी सन १९३२ मध्ये वारले. दोघांसही पोटचे मूल नव्हते. दोघांनीही आपली संपत्ती लोकोपयोगी न्यासांस दिली. सन १९४१ मध्ये मुंबईचे कर्करोगाचे रुग्णालय दोराबजींच्या न्यासानेच उघडिले. आजही टाटांच्या मुख्य कंपनीचा सुमारे दोन तृतीयांश भाग अशा न्यासांच्या हाती आहे. नागपुरची एम्प्रेस गिरणी मात्र आता बंद पडली आहे. यंत्रांस गंज चढतो, पण चांगल्या कृतीची आठवण राहते.

प्रिय वाचकहो, हे चरित्र आज आपल्या दारात येऊन ठेपले आहे. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर लोखंड खणले जात आहे, व चामोर्शी तालुक्यात कोनसरीस कारखाना उभा राहिला आहे. आपल्या मंडळ्यांतील तरुण तेथे कामास जातात. आपल्या शेजाऱ्यांच्या रानांतून व गावांतून मालमोटारी धावतात. अशा वेळी उपदेशकांनी केवळ धनाची निंदा करू नये, व केवळ रोजगाराचा जयजयकारही करू नये. जमशेटजींच्या चरित्रातून तीन प्रश्न घ्यावे व ते निर्भयपणे विचारावे. मजुराच्या जिवाची, श्वासाची व म्हातारपणाची काळजी मालकाने कायद्याची वाट न पाहता घेतली आहे काय? ज्याची भूमी गेली त्याच्या लेकरास विद्या व कारखान्यात मानाचे काम मिळाले काय? आणि ज्या धनाचा उगम आपल्या डोंगरात आहे, त्याचा ओघ पुन्हा आपल्या खेड्यांकडे वळतो काय?

आणि स्वतःसाठी एक गोष्ट घ्यावी. चांद्याचे दार जमशेटजींस दोनदा बंद झाले. एकदा कोळशामुळे व कायद्यामुळे, दुसऱ्यांदा डोंगराच्याच अपुरेपणामुळे. तरी ते खचले नाहीत, व जे पाहावयास मिळणार नव्हते त्यासाठीही शेवटपर्यंत झटले. एखाद्या गावी दहा वर्षे शाळा चालवूनही फळ दिसत नाही म्हणून ज्या उपदेशकाचे मन खिन्न झाले असेल, त्याने ह्याचा विचार करावा. मोशेने तो देश डोंगरावरून केवळ पाहिला. पेरणाऱ्याचे काम पेरणे हे आहे. पीक ज्याचे आहे तो योग्य काळी कापणारांस पाठवील. त्याच्या हाती आपले श्रम सोपवून आपण आपले काम करीत राहू या.